रॉकेटचा डायवर

मलकापूर, बुधवार, १४ फेब्रुवारी १९४५

शेजारच्या गंगूकाकूंचा सदाशिव लंडनला शिकतो. तिथे जर्मनांची रॉकेटं पडतात हे त्यांना कोणीतरी पेपरातून वाचून दाखवलं. संध्याकाळी ओट्यावर आल्या.

"मास्तर, थे उडते कसं?"

वर्गात सांगतो तसंच सांगितलं. जळता वायू जोराने मागे फेकला जातो, म्हणून रॉकेट पुढे रेटलं जातं. त्या झोतातली पाती वळवली की तेही वळतं. पुढे इंजिन बंद होतं, मग भिरकावलेल्या दगडासारखं येऊन पडतं.

"डायवर दयाळू असला तं बाजूले वळवन ना? सोमवार मी सदूसाठी धरतो, अन् गुरुवार त्या डायवरासाठी. त्याचंबी मन पालटलं पाह्यजे."

खोटं बोलवेना. "आत माणूस नसतो, काकू."

"सोडनारा तं असन?"

"असतो. पण इंजिन बंद झाल्यावर त्याच्याही हातात काही नाही. सोडायच्या आधी मन पालटलं तरच."

"मंग आधीच पोचाले पाह्यजे. उद्याचा उपास आतापासूनच धरतो."

उठून गेल्या. मी एकही शब्द चुकीचा बोललो नाही. मग हे काय झालं माझ्याकडून? इंजिन बंद झाल्यावर ते किती वेळ मुकाट्याने येत असेल, हेच सारखं डोक्यात. ते पडल्यानंतरच त्याचा आवाज ऐकू येतो म्हणे. ते मी सांगितलं नाही. हे लपवणं झालं का?

त्यांच्या चुलीचा धूर आज नाही. आमच्याकडे ताटं मांडली आहेत, अन् ही दोनदा हाक मारून गेली.