लाकडाच्या बाईची ओटी

डोंबिवली, मंगळवार, दिवेलागणीची वेळ

लिही गं मेघा. शेजारधर्म म्हणून लिहितेस, पण माझं बोलणं सुधारू नकोस. मला अक्षर येत नसलं तरी तुझा हात कुठे अडखळतो ते दिसतं.

आज लाकडाची म्हातारी गेली. माझी लेक सुरेखा शिल्पं करते. ठाण्याच्या खाडीत वाहून आलेली लाकडं जोडून तिने ही केलेली, केस काथ्याचे. वर्षभर आमच्या गॅलरीत बसून होती. शीळफाट्याच्या एका हौशी माणसाने ती विकत घेतली. बाईमाणूस घरातून चाललंय, रिकामी कशी पाठवू? तांदूळ आणि नारळ घालून मी तिची ओटी भरली. त्या माणसाला वाटलं, नारळ शिल्पातलाच. "वा, काय कल्पना आहे," म्हणाला आणि नारळासकट टेम्पोत बांधून नेली.

सुरेखा हसून बेजार. "आई, शिल्पाखाली तुझंही नाव घालावं लागणार."

मीही हसले. पण ओटी भरताना त्या लाकडाला "माहेरी येत जा" म्हणाले, ते तिला कुठे सांगितलं? सुरेखा दिवसभर मानपाड्याच्या शेडमध्ये ठोकत बसते. दुपारभर मी त्या म्हातारीशीच बोलायचे. उलट उत्तर देत नव्हती, लेकीपेक्षा गुणी.

"दुसरी करून देऊ का?" सुरेखाने विचारलं.

"नको बाई, गॅलरीत अडचण होते."

असं का म्हटलं मी?

मेघा, उद्या दुपारी येशील? लिहायचं काही नसलं तरी.