निळ्या माशाची वाळू
वाई, ९ जानेवारी १९७७

माझ्या लेकानं, शेखरनं मुंबईहून आफ्रिकेतला निळा मासा आणला, तेव्हापासून डोक्यात एकच, काचेच्या पेटीत तळाला घालायचं काय? कृष्णेची काळी वाळू नको म्हणाला, या जातीला चुनखडीचं पाणी लागतं. म्हणून म्हसवडहून चुनखडीचे खडे आणवले, उखळात कांडले, तांदळासारखे धुतले. काय सुरेख सपाट पसरली होती ती पांढरी वाळू!

आणि हा बोटाएवढा जीव! तोंडात वाळू भरतो, कोपऱ्यात नेऊन थुंकतो, पुन्हा वळतो. मी हात घालून सारखी केली, यानं पुन्हा उकरली. दुपारभर हेच. शेवटी मी हरले. पेटीतल्या दगडाखाली त्याची खोली तयार! आणि वर ऐट केवढी!

नवी सून हसत म्हणाली, "आवं आत्याबाई, त्याला ऱ्हायचंय तितं. लावू द्या की त्याच्या मनासारखं."

माशाबद्दलच बोलली ना? सकाळी तिनं स्टोव्हजवळ ठेवलेला पिठाचा डबा मी गुपचूप परत फडताळात ठेवला. कालही ठेवला होता. तिनं आज पुन्हा काढला होता.

तोंडात वाळू धरलेला तो मासा काही डोळ्यांपुढून हलत नाही. उठते आता. डबा स्टोव्हजवळ ठेवून येते.