कच्चं चालेल का?

गुरुवार, २१ नोव्हेंबर
दुकानाच्या मागच्या खोलीतून, दुपारी

प्रिय ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार, आणि पोटातल्या पाहुण्याला हळूच एक पापा.

"खाऊ का मी तुमच्या दुकानातलं ते कच्चं? हो की नाही, एवढंच सांग," असं तू रविवारी फोनवर विचारलंस आणि मी म्हटलं, आवाज तुटतोय, नंतर बोलते. आवाज तुटत नव्हता. मला उत्तर येत नव्हतं. अजूनही येत नाही. म्हणून हे पत्र. पत्रात निदान तुला मध्येच "अगं पण" म्हणता येणार नाही.

आधी तुझं सांग. पाय अजून सुजतात का? डॉक्टरीणबाईंनी पडून राहा म्हटलंय तर खरंच पडून राहतेस की दाजी बाहेर गेले की उठून पडदे धुवायला काढतेस? मागच्या वेळचं मी काढत नाही. तूही काढत नाहीस, ते बरंच करतेस. पण या वेळी प्रत्येक घास तू विचारून खातेस हे आईने मला सांगितलं, आणि तेव्हापासून तुझा प्रश्न मला डोहाळ्यांचा प्रश्न वाटेनासा झालाय.

इकडे सगळे मजेत. म्हणजे जसे असतात तसे. बाबांनी मी काम करते त्या दुकानाचा एक रिकामा कप धुऊन कपाटावर ठेवलाय. त्याच्यावर बारीक अक्षरात छापलंय, 'अन्नशास्त्राच्या पदवीधर तज्ज्ञाने तयार केलेले. न भाजता खा, निर्धास्त खा.' ती तज्ज्ञ म्हणजे मी. येईल त्याच्या हातात ते हा कप देतात आणि चष्मा नसेल तर स्वतः वाचून दाखवतात. परवा गॅसवाल्यालाही दाखवला. आईचं आपलं वेगळंच. तिने मला विचारलं, "म्हणजे भाजायचा कंटाळा येतो म्हणून तसंच विकता का गं?" मी हसले, पण कितीतरी वेळ तिला नीट समजावून सांगता आलं नाही.

तुलाही कधी नीट सांगितलं नाही. सांगते.

कुकीचं कच्चं पीठ, लोणी-साखर घालून कालवलेलं, त्याला आम्ही दुकानात नुसतं 'गोळा' म्हणतो. लोक येतात, एक गोळा द्या म्हणतात, चमच्याने खातात. तू लग्नाआधी भांडं चाटून पुसून ठेवायचीस तेच, फक्त आता ते कपात मिळतं. लोकांना वाटतं भीती अंड्याची. अंडं आम्ही घालतच नाही. दूध उकळून गार केलेलं घालतो. सोडाही नाही, कारण फुगवायचंच नसतं, आणि सोडा कच्चा खाल्ला की जीभ कडवट होते. खरी गोची पिठात आहे. पीठ दिसतं इतकं कोरडं आणि स्वच्छ की त्याच्यावर कोणी संशय घेत नाही. पण ते म्हणजे दळलेलं कच्चं धान्य. शेतातून, गोदामातून जे काय चिकटून आलं असेल ते त्यात असू शकतं, निपचित पडून. दुधातले जंतू उकळीने जातात. कोरड्या पिठातले फार चिवट, थोड्या आचेला नुसती ऊब लागावी तसे बसून राहतात.

म्हणून पीठ ताटात पातळ पसरायचं, भट्टीत तापवायचं, मधूनमधून हलवायचं आणि तापमापीची सुई मधोमध खुपसून बघायचं. मग गार करून चाळायचं, कारण गाठी होतात. माझं काम हे आहे, ताई. कॉलेजात असताना मला वाटायचं, आपण शिकून लोकांचे जीव वाचवणार. आता मी पीठ हलवते. केसांत पीठ, कानांत पीठ. पण त्यात मला खरंच कमीपणा वाटत नव्हता, कारण पीठ हलवणं आणि जीव वाचवणं हे माझ्या लेखी एकच होतं. हसू नकोस.

मालकीणबाई वाईट नाहीत. हे मला आधी लिहायचं होतं. माझ्या पदवीकडे बघून "अनुभव किती?" न विचारणाऱ्या त्या एकट्याच होत्या. स्वतःच्या स्वयंपाकघरात सुरू केलेला धंदा त्यांनी इथवर आणलाय आणि अजून भांडी स्वतः घासतात. पहिल्या वेळी मी पीठ प्रयोगशाळेत तपासायला पाठवूया म्हटलं तर लगेच पाठवलं. निर्दोष आलं. तो दिवस मी विसरणार नाही, त्यांनी मला स्वतःच्या हाताने गोळा भरवला.

मग गिऱ्हाइकं म्हणायला लागली, याला भाजका वास येतो. कच्च्यासारखं लागत नाही. मालकीणबाई म्हणाल्या, "बरोबरच आहे त्यांचं. कच्चं खायला येतात आणि आपण भाजलेलं देतो." म्हणून ताटातला थर जरा जाड झाला, रंग बदलू नये म्हणून. मागणी वाढली तसा अजून जाड झाला. पीठ एकाच खेपेत जास्त निघायला लागलं. मी बोलले. दर वेळी बोलले. "तपासणीत पास आहोत ना आपण?" त्या म्हणायच्या. तपासणी पातळ थराची झाली होती, जाड थराची नाही, असं मी सांगितलं तर म्हणाल्या, "पाठवू परत. पुढच्या आठवड्यात." पुढचा आठवडा हा आमच्या दुकानात सारखा पुढेच असतो.

सोमवारी मी पडद्यामागे चाळत होते. बाहेर एक बाई आली, कडेवर मूल. गल्ल्यावर बसते तिला आम्ही लगबग म्हणतो, बोलता बोलता सुटे पैसे, कप, चमचा सगळं एकदम पुढे करते. बाईने विचारलं, "लहान मुलाला कच्चं चालेल का हो?"

"न चालायला काय झालं? आमच्या मॅडम शिकलेल्या आहेत," लगबग म्हणाली. "आत बसूनच आहेत. हाक मारू?"

"नको नको, शिकलेल्या आहेत ना, मग झालं."

मी चाळणी हलवत राहिले. बाहेर आले नाही. चाळणीचा आवाज चालू राहावा म्हणून, चाळून झालेलं पीठच पुन्हा चाळत होते.

मालकीणबाई हाक मारतायत. उद्या एका शाळेच्या संमेलनासाठी आमचे गोळे जायचे आहेत, शिशुवर्गापासूनची मुलं. त्याचं पीठ आत्ता भट्टीत लावायचंय. तुझ्या प्रश्नाकडे येते, खरंच येते.


शनिवार, २३ नोव्हेंबर
घरी, सकाळी

ताई, पत्र तिथेच राहिलं. आज मी घरी आहे. पाठ इतकी दुखतेय की बसून लिहिता येत नाही, उभ्याने भिंतीवर कागद धरून लिहितेय. अक्षराला हसू नकोस.

गुरुवारी त्या शाळेचं पीठ तापवलं. भट्टीतून ताट काढलं आणि मी सुई घातली. कडेला हवं तेवढं तापलं होतं. मधोमध नव्हतं. बरंच कमी होतं. थर गादीसारखा जाड, आच आत पोचणार कशी? मी मालकीणबाईंना बोलावून सुई दाखवली.

"कडेला तापलंय ना?" त्या म्हणाल्या.

"मधे नाही तापलं."

"अगं, शेवटी सगळं एकत्रच कालवणार आहेस."

त्या हे चिडून नाही म्हणाल्या. दमलेला माणूस बोलतो तसं म्हणाल्या. त्यांचे पाय दिवसभर उभं राहून सुजलेले होते, तुझे सुजतात तसेच. मला त्या क्षणी त्यांची इतकी दया आली की मी पीठ कालवलं. हो, कालवलं. ताट परत भट्टीत घालायला हवं होतं हे मला कळत होतं. पण हात गळून गेले होते, आणि रोज रोज तेच तेच बोलणारी आपण, याचाही एक कंटाळा येतो. तुला घरात हा कंटाळा आला असेल कधीतरी.

शुक्रवारी सकाळी गोळा तयार होता. मालकीणबाई चमचे आणि कपांची झाकणं आणायला गेल्या. कप भरायला घेण्याआधी मी तुझी बरणी भरली. तुला उत्तर देता येत नाही तर निदान बरणी पाठवावी, तू खाशील नाहीतर फ्रीजमध्ये ठेवशील, तुझं तू बघशील, असा पळपुटा विचार होता. घट्ट भरली, वरून चपटी केली, झाकण लावलं, तुझा पत्ता चिकटवला. आणि ती बरणी मला कागदात गुंडाळता येईना. हात बरणीवर ठेवून उभी राहिले. लगबग आत आली, म्हणाली, "काय झालं मॅडम? बरणीला ताप आलाय का?"

मी तिला विचारलं, "तुझ्या बहिणीला दिवस गेले असते तर हे दिलं असतंस?"

"तुम्ही चालतं म्हणालात तर दिलं असतं," ती म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं?"

ताई, तेव्हा मला कळलं की तुझा प्रश्न तुझ्यापुरता नव्हता. तुला 'नको' म्हणायचं आणि शिशुवर्गाला भरून पाठवायचं, हे एकाच हाताने मला जमणार नव्हतं. मला माहीत नाही की त्या पिठात काही होतं. कदाचित काहीच नसेल. बहुतेक काहीच नसेल. पण मला माहीत नाही, आणि माझ्या भरवशावर कपावर जे छापलंय त्याचा अर्थ 'तिला माहीत आहे' असा आहे.

मी दोन्ही भट्ट्या लावल्या.

तुझी बरणीही रिकामी केली. सगळा गोळा थापला, ताटांत मांडला आणि भाजला. लगबग आधी "अहो मॅडम, अहो मॅडम" करत भट्टीच्या आडवी आली, मग म्हणाली, "माझं नाव घेऊ नका म्हणजे झालं," आणि स्वतःच थापायला बसली. खेपेवर खेप. पाठ तेव्हाच गेली. आणि त्यात सोडा नाही, अंडं नाही, मग कुकी फुगणार कशी? सगळ्या पसरल्या, चपट्या झाल्या, गार झाल्यावर फरशीसारख्या कडक. एक ताटावर आपटली तर ताट वाजलं.

मालकीणबाई आल्या तेव्हा वास गल्लीभर पसरला होता. त्यांनी झाकणांची पिशवी खाली ठेवली. ताटांकडे बघितलं. एक तुकडा तोडायला गेल्या, तुटेना, दाढेखाली धरून तोडला.

"दात पडतील पोरांचे," त्या म्हणाल्या.

"पडणारच आहेत. दुधाचे आहेत," लगबग म्हणाली आणि पटकन गल्ल्यावर पळाली.

मालकीणबाई पोत्यावर बसल्या. मला वाटलं आता ओरडतील. "मला सांगायचं होतंस," एवढंच म्हणाल्या.

"सांगितलं होतं."

"ओरडून सांगायचं."

आपल्याला घरी ओरडून सांगायची सवयच नाही, तुला माहीत आहे. मी म्हटलं, "जाड थराची तपासणी होऊन येईपर्यंत गोळा विकायचा बंद ठेवूया."

"म्हणजे दुकान बंद ठेवूया."

"काही दिवस."

"तुला पदवी आहे. तुला दुसरीकडे मिळेल," त्या म्हणाल्या. "मला हे एवढंच येतं." मग उठून झाकणांची पिशवी उचलत, "सोमवारी ये. थर पातळ करू. पण बंद ठेवायचं नाव काढू नकोस, आणि हे असं माझ्या मागे परत करायचं नाही."

शाळेत त्या स्वतः कुकी घेऊन गेल्या. काय सांगितलं कोण जाणे. मला वाटतं, सांगितलं असेल की या वेळी भाजून आणल्यात. त्यात खोटं काही नाही.

आता तुझं उत्तर. नाही. खाऊ नकोस. आमच्याकडचा नको, घरी कोणी पीठ तापवून केलेला नको, मी केलेला तर मुळीच नको. मला माहीत नाही आणि ज्याचं मला माहीत नाही ते तुझ्या पोटात जाऊ नये. इतके दिवस तुला हे सांगता आलं नाही, कारण तुला नको म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न तू लगेच विचारला असतास. तू नेहमीच विचारतेस. बाकीच्यांना कशी देतेस, असा.

सोबतच्या डब्यात त्याच कुकी आहेत, नीट भाजलेल्या. चहात बराच वेळ धर, मग मऊ पडतील. दाजींना आधी चावायला देऊ नकोस, दाताचा खर्च माझ्या अंगावर येईल.

बाबांना मी काल जेवताना सांगितलं. आईने मला दुसऱ्यांदा वाढलं, बस्स. दुसरी नोकरी मिळेल का, कधी मिळेल, विचारू नकोस, त्याचंही उत्तर माझ्याकडे नाही. मालकीणबाई सोमवारी वाट बघतील असं कालपर्यंत वाटत होतं, तर आता तसंही नाही. आज उजाडताच मी दुकानावर गेले. त्या शटर उघडत होत्या. मी म्हटलं, कपावरची माझी ओळ काढून टाका, आणि मागच्या दाराची किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी घेतली.

पाय उंच ठेवून झोप.

तुझी,
धाकटी