पाइपात ठेवलेलं पाणी

आण्णा, मलकापूरच्या एका डेअरीतली गरम पाण्याची लाइन सोमवारी वेल्डजवळ गळाली. ती लाइन तुम्ही बांधली होती, म्हणून लिहायला बसले. ती किती दाबावर चालवणं सुरक्षित आहे, हे ठरवून द्यायला त्यांनी मला बोलावलं. मी तुमची मुलगी हे मॅनेजरला ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. त्यानं कपाटातून टेस्टची वही काढून दिली. अक्षर तुमचं. प्रत्येक पानावर तोच मजकूर: दाब पंधरा किलो, आठ दिवस पाणी ठेवले, गळती नाही. शाई एकच, सहीचा कोनसुद्धा एकच. एका बैठकीत भरलेल्या वह्या मी नोकरीत पुष्कळ पाहिल्या आहेत. टेस्ट घेतलेलीच नाही, असं मी मनात लिहून टाकलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावर आरोप ठेवायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत.

लाइनची जाडी मी जागोजागी यंत्रानं मोजली. पोलादाला सोसणारा ताण, पाइपच्या भिंतीची जाडी, पाइपचा व्यास, तापमानासाठी आणि वेल्डसाठी थोडी कपात, एवढंच ते गणित. लाइन दहा किलोवर चालायची, उत्तर त्याच्या बरंच वर आलं. मॅनेजर लगेच म्हणाला, "मग टाका की मॅडम दहा. इतकी वर्षं चाललीया, काय न्हाई झालं."

"मग गळली कशी?"

"एवढंसं भोक हाय. वेल्डिंगवाला दोन ठिपकं मारंल."

लाइनखाली एक बाई क्रेट धूत होती. गळतीखाली तिनं घमेलं ठेवलं होतं आणि त्यात साठलेलं गरम पाणी ती क्रेटवर ओतत होती. मी तिला बाजूला व्हायला सांगितलं. "आवं, फुकटचं ऊन पानी हाय, बरं हाय की," ती म्हणाली आणि हलली नाही. मग मीच तिचे क्रेट उचलून पलीकडं नेले. ते गणित पाइपची भिंत अखंड आहे असं धरून चालतं. ती अखंड आहे की नाही, याबद्दल ते काहीच बोलत नाही. मी लाइन बंद करायला लावली आणि तीन जागी कापायला सांगितलं.

आत, तळाच्या बाजूला, सुई टोचावी तसे काळपट खड्डे. वेल्डजवळ त्यांच्यातून केसासारखी चीर गेलेली. गरम पाण्यानं खाल्लं असेल म्हणावं, तर स्टोअरमध्ये त्याच वेळचे, वहीत नंबर असलेले दोन जादा पाइप पडून होते. त्यांतून गरम पाणी कधी गेलंच नव्हतं. त्यांच्याही तळाला तेच खड्डे. म्हणजे त्यांच्यात पाणी साठवून ठेवलेलं होतं, तुम्ही टेस्ट घेतली होती. वहीतला शब्द न् शब्द खरा होता. पाणी आठ दिवस ठेवलं होतं, आणि ते कुपवाडच्या आपल्या वर्कशॉपमधल्या बोअरचं होतं.

त्या बोअरचं पाणी खारं, उकळलं की किटलीत पांढरा थर बसायचा. बाकीचे वर्कशॉपवाले अर्धा तास दाब धरून पाणी सोडून देत. तुम्ही आठ दिवस ठेवायचे, आणि त्याचा तुम्हाला केवढा अभिमान. एक दिवस अजून डोळ्यासमोर आहे: मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. पाइपात पाणी भरायची होज माझ्या हातात आहे, तुम्ही दाब द्यायच्या हातपंपापाशी उकिडवे बसला आहात. मी म्हणते, आण्णा, खारं पाणी स्टेनलेसमध्ये साठवून ठेवू नये, आतून खड्डे पडतात, पुस्तकात आहे. तुम्ही वर न बघता म्हणता, "आपुन ह्येच पानी पितोय न्हवं? पाइप काय आपल्यापरीस नाजूक हाय?" कामगार हसतात. "लय शिकलीस. भर पानी." मी चिडते. आठव्या दिवशी पुन्हा सांगायचं मनात येतं, आणि सांगत नाही. पडू देत खड्डे, म्हणजे कळेल, असं मला वाटतं. मला परीक्षेत त्या धड्यावर चांगले गुण पडले.

वहीवर संशय घेतला तेव्हा मला थोडं बरं वाटलं होतं, आण्णा. तुम्ही खोटे ठरला असता, तर त्या पाण्याशी माझा काही संबंध उरला नसता. चुकीचं काम करून तुम्ही मनापासून निर्धास्त होता. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. तुमच्या वर्कशॉपमधून त्या दोन-तीन वर्षांत बाहेर पडलेल्या लाइनी आणखी कुठं कुठं आहेत, ते शोधायला आता मी निघणार आहे. सांगलीतल्या दोन आठवतात. इस्लामपूरकडची एक होती, ती नीट आठवत नाही. तुम्हाला आठवली असती.

हे पत्र कुठं द्यायचं नाही. आज दुपारी डेअरीत दिलं ते असं: कापलेले तीन तुकडे, दोन जादा पाइप, चिठ्ठी बांधून, टेस्टची वही, सगळ्या पानांसह, माझा अहवाल. अहवालात सुरक्षित दाब शून्य, लाइन पुन्हा चालू करू नये. टेस्टच्या वेळी हजर म्हणून तुमचं नाव, त्याखाली माझं, नात्यासकट. मॅनेजरनं ते दोनदा वाचलं आणि पोच दिली.