आईची पाच क्रियापदं

सर, आज अर्जातल्या एका वाक्यापाशी माझा हात थांबला. 'माझी आई अन्नप्रक्रिया क्षेत्राशी निगडित आहे.' इंग्रजीत ते आणखी भारदस्त दिसतं. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. आता इंग्रजी कसं शिकवावं हे शिकायला बाहेरच्या विद्यापीठात जायचंय, शिष्यवृत्ती मिळाली तरच. त्यासाठी स्वतःबद्दल एक पान लिहायचं होतं, मुदत आज पाचची. इथं अमरावतीच्या वसतिगृहात माझ्या खोलीतली मैत्रीण म्हणाली, "दालमिल नको लिहू बापा, वजन नाही पडत." मी तिचं ऐकलंही. मग तुमची लाल पेन्सिल आठवली.

मी नववीत होते. तुमचा जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश मला द्यायला तुम्ही अकोल्याच्या आमच्या घरी आलात आणि स्वयंपाकघरातच बसलात, कारण दुसरी खोली नव्हती. आई चहा टाकतेय, तुम्ही माझ्या वहीतला आईवरचा इंग्रजी निबंध उघडता. 'माय मदर वर्क्स हार्ड.' 'वर्क्स'खाली रेघ ओढता. "हे वाक्य कोणाच्याही आईचं आहे. तुझी आई यात कुठं आहे?" माझे कान तापतात. तेवढ्यात तुम्ही तिच्याकडे वळता. "ताई, दिवसभर काय करता तुमी?"

"काय करन सर, दालमिलवर काम करतो."

"काम म्हणजे?"

"आता बापा! पोतं ओढतो, चाळणीवर ओततो, दाळ पाखडतो, खडे वेचतो, पोत्याचं तोंड शिवतो. माह्यं तेवढं उघडं रायते."

तुम्ही इतके हसलात की बशीतला चहा सांडला. मग मला म्हणालात, "मायनं पाच क्रियापदं देल्ली, तू एकावर भागवून राहिली. शोध." त्या संध्याकाळी मी पाचही शोधली. पाखडण्यासाठी 'विनो' सापडला, तेव्हा सुपाचा आवाज कानाशी आला.

आज तीच पाच परत लिहिली आणि खात्री करावी म्हणून आईला फोन लावला. मागं यंत्राची घरघर. "आता पाखडत नाही मी," ती म्हणाली. "मशीन आली. तिच्यात दाळ लोटतो. काहून?" माझं सगळ्यात लाडकं क्रियापद गेलं. क्षणभर वाटलं, राहू द्यावं, अकोल्याला येऊन कोण पाहणार आहे? पण मग तेही त्या 'अन्नप्रक्रिया क्षेत्रा'च्या वाक्यासारखंच झालं असतं, दिसायला फक्त जास्त सुंदर. 'विनो' भूतकाळात नेलं, लोटण्यासाठी नवा शब्द शोधला, आणि पाचाला वीस मिनिटं असताना अर्ज पाठवला. निवड झाली तर उत्तम. नाही झाली तरी धारणीकडच्या शाळेत शिकवायचं माझं ठरलंय. तिथल्या पोरींना पहिल्याच दिवशी विचारीन, तुझी माय काय करते? 'काम' हे उत्तर मी घेणार नाही.

हे पत्र तुमच्या शब्दकोशात ठेवतेय. एक सांगायचं राहिलं. दहावीत अमरावतीच्या स्पर्धेत मी तोच निबंध वाचला, तेव्हा तुम्ही आजारी होतात. मी परत आल्यावर तुम्ही खाटेवरूनच विचारलंत, "पाचही वाचली ना?" मी हो म्हटलं. त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात. त्या स्पर्धेत समोर कडक इस्त्रीच्या गणवेशातल्या मुली बसल्या होत्या, सर. मी पाचांऐवजी नुसतं 'वर्क्स' वाचलं होतं.