आठाची वही

सोमवार, ३ नोव्हेंबर
"अहो मॅडम, हात लावायच्या आधी एक दिवस नुसतं बघा." दिगंबर सर मला हे २००४ साली म्हणाले होते. नोकरीचा पहिला आठवडा, मी पंचविशीची, हात डिशच्या बटणावर. आज का आठवलं कोण जाणे. सर शुक्रवारी रिटायर झाले. शाल, नारळ, दोन भाषणं. एक माझं. चांगलं झालं.

नवं यंत्र आलं, कंट्रोलर. हडपसरच्या आमच्या केंद्रातली सात मीटरची डिश आता तोच फिरवणार. आमचा उपग्रह म्हातारा आहे. इंधन वाचवायला त्याला एका जागी धरून ठेवणं बंद केलंय, म्हणून तो दिवसभरात इंग्रजी आठ काढत वर-खाली डुलतो. त्याच्यावरून आमच्या ट्रस्टचे बारावीचे तास संध्याकाळी पाच ते सहा चाळीस गावांत जातात. तो केव्हा कुठे असतो ते दिगंबर सर एका वहीत टिपायचे आणि गेली सहा वर्षं त्या आठाच्या वहीत बघून दर वीस मिनिटांनी डिश हाताने सरकवायचे.

त्यांना अजून दोन वर्षं यायचं होतं. काकू गेल्यापासून रविवारीही येऊन बसायचे. डायरेक्टर वैजनाथ सरांनी माझं मत विचारलं. मी म्हटलं, कंट्रोलर आल्यावर माणूस कशाला? दिगंबर सरांच्या विश्रांतीचाच विचार केला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तास दहा तारखेला सुरू. संकल्प: बुधवारपर्यंत सगळं ऑटोमॅटिक. उरलेले दिवस वाचन.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
कंट्रोलरला आधी उत्तर दिशा सांगावी लागते. मोबाइलच्या होकायंत्रावरून घेतली. लोखंडी जिन्यावर उभी राहून, तिथून मोकळं दिसतं.
दु. ३.००: सिग्नल शंभरपैकी ब्याण्णव! पहिल्या फटक्यात! वैजनाथ सरांना फोटो पाठवला.
३.२०: चित्र लावून बघितलं. कोणीतरी परक्या भाषेत मासे तळत होतं. शेजारचा उपग्रह. सरांना तोही फोटो चुकून गेला. उत्तर आलं: "अभ्यासक्रमात कधी घेतलं हे?" कामात विनोद मला आवडत नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर
लोखंडापासून लांब जाऊन उत्तर दिशा परत घेतली. कालपेक्षा अठरा अंश वेगळी निघाली. मोबाइल बदलायला झालाय.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
स. १०.००: आपला उपग्रह सापडला. आता कंट्रोलर 'लर्न'वर टाकला. चोवीस तासांत तो चाचपडत उपग्रहाची वाट स्वतः शिकतो. तेवढा वेळ कशालाही हात लावायचा नाही. लावला तर शिकलेलं पुसून पहिल्यापासून. सोपं आहे.
१०.४०: सिग्नल जरा घसरला. डिश किंचित वर केली. नुसती मदत.
१०.४१: पहिल्यापासून.
दु. १.१५: पहिल्यापासून. तो चुकत होता, मला दिसत होतं.
सं. ५.५०: पहिल्यापासून. कारण लिहीत नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
आज चार वेळा.
घरी नवऱ्याला सांगितलं. आमोद म्हणाला, "अगं, तू दर तासाला विरजणाचं झाकण काढून चमचा घालून बघतेस. वीस वर्षं आपल्याकडे दही लागलेलं नाही. आपण ताकच पितो." मुद्दा सोडून बोलायची सवय आहे त्याला.

शनिवार, ८ नोव्हेंबर
स. ७.३०: सुचलं! कंट्रोलरला शिकवायचंच कशाला? उद्या मी स्वतः बसून दर वीस मिनिटांनी उपग्रह कुठे आहे ते टिपणार आणि त्याचं वेळापत्रक कंट्रोलरमध्ये भरणार. त्याने घड्याळ बघावं, डिश फिरवावी.
दिगंबर सरांची वही असती तर हेही श्रम वाचले असते. बहुतेक त्यांनीच नेली. त्यांना शोभत नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर
दिवसभर टिपलं. केंद्रात मी एकटीच. दिगंबर सरांची खुर्ची बसायला बरी आहे. एक हात झिजलाय, उजवा. बटणं तिकडे आहेत.

सोमवार, १० नोव्हेंबर
सं. ६.०५: अप्रतिम! तासभर चित्र हललं नाही. वेल्ह्याच्या केंद्रावरच्या मुक्ताई बाईंचा फोन: "मॅडम, गणिताच्या सरांच्या शर्टवरची खडूची भुकटीसुद्धा दिसली!" स्टाफला पेढे दिले.
वैजनाथ सरांना मेल: दिगंबर सरांची जागा कायमची रद्द करायला हरकत नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर
सिग्नल थोडा कमी. ढग असावेत. आकाश निरभ्र होतं, पण डोळ्यांना न दिसणारे ढग असतात.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
चित्राचे चौकोन चौकोन. मुक्ताई बाई म्हणाल्या, "सर सूत्र लिहायला लागले की चौकोन, फळा पुसला की चित्र. आमची मुलं आज तासभर पुसलेला फळा बघत होती."
वॉचमन सुदर्शन डिशच्या पायाशी स्कूटर लावतो. त्याला हलवायला सांगितली. "हलवतो की मॅडम," म्हणाला, "पण गाडी सहा वर्षं तिथंच हाय."
मी लक्ष दिलं नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर
सं. ५.१०: काळा पडदा. सहापर्यंत काळा पडदा.
मुक्ताई बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं होतं. म्हणाल्या, "मॅडम, पोरं पाच किलोमीटर चालत येतात. उद्या येऊ नका म्हणून सांगू का? तेवढं फक्त सांगा." मी बघते म्हटलं.
कपाटं शोधली. आठाची वही नाही. असणार कशी? ही रोजनिशी कोण वाचतंय, खरं लिहायला हरकत नाही. दसऱ्याच्या साफसफाईत मीच रद्दीत घातली. वहीला त्यांनी दुधाच्या पिशवीचं कव्हर घातलं होतं. आता कंट्रोलर येणार, हे कशाला, असं मला वाटलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
कर्वेनगरात भाजीच्या गाडीवर दिगंबर सर. पंधरा दिवस मी त्यांची गल्ली टाळून लांबून जातेय, व्यायाम होतो म्हणून. आज लक्षात राहिलं नाही. मेथीची एकच जुडी घेत होते. केंद्राचं एक अक्षर विचारलं नाही. मीच सांगितलं, सगळं उत्तम चाललंय. "वा," म्हणाले. मग निघताना, पिशवीत मेथी घालता घालता, "रोज चार मिनिटं धरताय ना?"
मी म्हटलं, अर्थात.

घरी येऊन शोधलं. उपग्रह आपल्या घड्याळाने चालत नाही. त्याचा फेरा तेवीस तास छप्पन्न मिनिटांचा. रोज चार मिनिटं लवकर येतो. रविवारपासून काल सोमवारपर्यंत आठ दिवस, म्हणजे बत्तीस मिनिटं. तो अर्ध्या तासापूर्वी सोडून गेला होता, बरोबर तिथे आमची डिश बघत उभी होती.
हे मॅन्युअलमध्ये ठळक छापायला हवं होतं.
पान तीनवर ठळक छापलंय.

बुधवार, १९ नोव्हेंबर
वेळापत्रक चाळीस मिनिटं अलीकडे आणलं. चित्र आलं. मुक्ताई बाई म्हणाल्या, "आज नऊच आली होती पोरं. उद्या सांगते सगळ्यांना."
पण माझं वेळापत्रक महिनाभरही पुरणार नाही, आठ हळूहळू मोठा होत जातो. कंट्रोलरला शिकवायलाच हवं. सकाळी परत 'लर्न'वर टाकला होता. पंचवीस मिनिटं टिकले. कंट्रोलर नाही, मी.
वैजनाथ सरांना म्हटलं, माझी ती मेल परत घेता येईल का? म्हणाले, "अहो, ट्रस्टींना केव्हाच पाठवली. वर तुमचं कौतुकही जोडलं." जागा गेली.
दिगंबर सरांना तीन वेळा मेसेज लिहून पुसला. नाही म्हणतील. म्हणायलाच हवं. चौथा पाठवला:

सर, आठाची वही तुम्ही नेली नव्हती, मी रद्दीत घातली. तुमच्या जागेबद्दलही मीच लिहिलं. चार मिनिटं मी धरली नव्हती. रविवारी केंद्रात याल का? काम काही नाही. खुर्ची तुमची, मी स्टुलावर बसेन. कंट्रोलर शिकेपर्यंत दिवसभर नुसतं बघू. मला हात लावू देऊ नका. एवढं कराल का?