गाळा नंबर सात कोणाचा

मी, वनमाला धोंडू घाडी, वय वर्षे सदुसष्ट, धंदा लेथचे वर्कशॉप चालवणे, राहणार असल्फा, घाटकोपर (पश्चिम), मुंबई, हे मृत्युपत्र लिहून ठेवते ते असे की, माझी प्रकृती वयाच्या मानाने ठीक आहे आणि डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वाढलाय, राग कमी करा. राग कमी झाला असता तर हा कागद लिहायची गरजच पडली नसती. मजकूर मी सांगितला, वकिलांनी लिहिला. काही ठिकाणी "हे मृत्युपत्रात शोभत नाही" असे ते म्हणाले. ती ठिकाणे मी तशीच ठेवायला लावली आहेत.

कलम एक. राहती खोली मुलगा अनंत आणि सून कुंदा यांना निम्मी निम्मी. कुंदाच्या सहीशिवाय ती विकली जाऊ नये. अनंतला सही करायची फार घाई असते.

कलम दोन. कानातल्या कुड्या कुंदाला. बँकेतल्या ठेवीतून माझे दिवसकार्य करावे, उरेल ते नातवंडांच्या शाळेला. तेराव्याला माझे दीर काशीराम यांना जरूर बोलवावे, पोटभर वाढावे, पण देवापुढे तोंड उघडू देऊ नये. कारण पुढच्या कलमात आहे.

कलम तीन. यात मालमत्ता नाही, पण हे वाचल्याशिवाय पुढचे कळणार नाही. साकीनाक्याच्या श्रमसाफल्य औद्योगिक वसाहतीत अठरा गाळे होते, बहुतेक आम्हा कोकणातल्या माणसांचे. गाळा नंबर सात १९६४ साली माझ्या पाटल्या मोडून घेतला, म्हणून यजमानांनी तो पहिल्यापासून माझ्या नावावर केला. ते गिरणीत फिटर होते. नोकरी सोडून त्यांनी इथे लेथ लावली. ते गेले तेव्हा सगळे म्हणाले, बाई आता गाळा भाड्याने देणार. मी दिला नाही. पंपाचे बुश आणि पिना आजही आमच्या गाळ्यातून जातात.

१९८४ साली निलांबरी एस्टेट्स अँड वेअरहाउसिंग नावाची कंपनी आली. ही कंपनी स्वतः काही बनवत नाही. जिथे लोक काही बनवतात त्या जागा ती घेते, रिकाम्या करते, गोदामे बांधते आणि चौरस फुटाने भाड्याने देते. याला ती गुंतवणूक म्हणते. तिचे मॅनेजर शरच्चंद्र साहेब यांनी सांगितले की जुनी वसाहत पाडून इंडस्ट्रियल पार्क करू, पुढे गोदामे, मागे तुमचे नवे गाळे, मशिनच्या विजेसकट. लोक म्हणाले, लेखी द्या. तेव्हा साहेबांनी काशीराम भावोजींना गाठले.

भावोजी वसाहतीचे चेअरमन. शिवाय गावी गाऱ्हाणे घालायचा मान आम्हा घाडींचा. सगळ्यांच्या वतीने देवाशी घाडीने बोलायचे आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागणीला "होय महाराजा" म्हणायचे, अशी रीत आहे. वसाहतीच्या फाटकापाशी आम्ही राखणदाराची, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाची, घुमटी बांधली होती. भावोजींनी सगळ्या गाळेवाल्यांना तिथे जमवले. गाळा माझा, म्हणून मीही पुढे जाऊन उभी राहिले. भावोजी म्हणाले, "वयनी, बायल माणसांनी मागे रवाचा." चारचौघांत वाद नको म्हणून मी मागे प्रसादाच्या ताटांपाशी गेले. तो अपमान मी विसरलेली नाही.

नारळ साहेबांनी स्वतःच्या हाताने ठेवला. भावोजींनी आधी नेहमीचे मागणे मागितले, पोराबाळांना सुखी ठेव, इडापिडा टाळ. सगळे "होय महाराजा" म्हणत होते. त्याच सुरात भावोजी पुढे म्हणाले, "बा देवा राखणदारा, ही तुझी लेकरां आपले गाळे कंपनीच्या हाती देतंत. तेंका नवे गाळे मिळांदेत. आणि ह्या शब्दाच्या आड जो कोण येयत, तेका तू बघून घे, महाराजा." आणि सगळे "होय महाराजा" म्हणून गेले. लेखी मागणारेही म्हणून गेले. तोंडाला सवयच तशी.

मग कोणाला मागे फिरता येईना. दुसऱ्या दिवशी जागा सोडल्याच्या कागदावर सह्या झाल्या. त्यात नव्या गाळ्यांचे अक्षर नव्हते. गाळेवाल्यांपैकी दशरथने ते बोलून दाखवले, तर भावोजी त्याच्यावर उखडले. "राखणदारासमोर शब्द झालो, आता कागद कित्याक व्हयो?" देवापुढचा शब्द आमचा माणूस मोडत नाही हे खरे. पण शब्द आमच्याच माणसांनी दिला होता. कंपनीने नुसता नारळ ठेवला होता.

नवे गाळे झाले नाहीत. पुढेही गोदामे, मागेही गोदामे. लोक विचारायला गेले तर साहेब म्हणाले, लेखी दाखवा. माझ्याकडे सही मागायला कंपनीची माणसे आली तेव्हा मी सांगितले की मी होय म्हटलेलेच नाही, मला मागे उभे केले होते. म्हणून गाळा नंबर सात अजून जागेवर आहे. तो नेमका फाटकाच्या वळणावर असल्याने लांब ट्रक आत वळत नाही आणि कंपनीचा माल हातगाडीने न्यावा लागतो. माझ्या गाळ्याची किंमत कंपनीला तेवढ्यापुरती आहे.

काशीराम भावोजी, तुमचाही गाळा गेला, हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही पिढ्यानपिढ्यांचा मान एका टायवाल्याला भाड्याने दिलात. याचा मला मनस्वी संताप आहे आणि तो मी माझ्याबरोबर नेणार नाही, इथे लिहून ठेवते आहे.

कलम चार. अनंतला गाळ्यात कसलाही हिस्सा नाही. तो भावोजींच्या ओळखीने कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसात लागला. नोकरीबद्दल माझी तक्रार नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पण गेल्या दिवाळीत त्याने माझ्यापुढे फराळाच्या ताटाशेजारी कंपनीचा करारनामा ठेवला. म्हणाला, "आई, मशिनचा जमाना गेला ना आता. गोदाम म्हणजे बसल्या जागी भाडं." मी म्हटले, "गोदामात लोक आपला माल ठेवतात, रे. तू त्यात तुझं काय ठेवशील?" तो चकली मोडत बसला. बापाने उभे केलेले आईकडून काढून घ्यायला कंपनीने त्यालाच पाठवले आणि हा आला, याचा राग आहे. अग्नी त्यानेच द्यावा. मुलगा आहे तो माझा.

कलम पाच. यजमानांचा मायक्रोमीटर दशरथला. आमच्या शेजारच्या गाळ्यात त्याची लेथ होती. आता तो त्याच जागी कंपनीचा गणवेश घालून गोदामाचे शटर वरखाली करतो आणि माझ्या गाळ्यावरून जाताना मान खाली घालतो. दशरथ, मान खाली घालण्यासारखे तू काही केलेले नाहीस.

कलम सहा. गाळा नंबर सात, त्यातली लेथ, ड्रिल मशिन, ग्राइंडर, विजेचे कनेक्शन आणि लायसन्स, हे सर्व मुलगी नलिनी हिला पूर्ण मालकीने. ती चेंबूरहून येऊन माझ्याबरोबर गाळा सांभाळते. लग्न झालेल्या मुलीला कारखाना देतात का, असे म्हणणारे म्हणोत. "कंपनीला कधीही विकू नये" अशी अट घाला, असे वकिलांनी सुचवले. मी घातली नाही. अट घातली तर नलिनी माझी राखणदारीण होईल. मला तिला मालकीण करायचे आहे. तिने चालवावा, बंद करावा, विकायचाच झाला तर विकावा. मात्र बोलणी तिच्याशीच करावीत, तिच्या नवऱ्याशी किंवा भावाशी नाही. नले, कोणी तुझ्या वतीने बोलायला लागला तर त्याला गप्प कर, मग तो देवाशी बोलत असला तरी.

कलम सात. साक्षीला त्रयस्थ माणसे घ्यावीत असे वकील म्हणाले. एक घेतली आहे. दुसरे मात्र मला काशीराम भावोजीच हवेत. त्यांना दिंडोशीहून बोलावणे धाडले आहे. त्यांनी कागद स्वतः वाचावा, आणि यात एक शब्द जरी खोटा वाटला तर सही न करता परत जावे.

ठिकाण: घाटकोपर, मुंबई. तारीख: ८ फेब्रुवारी १९८८.

सही: वनमाला धोंडू घाडी

साक्षीदार पहिल्या: उत्तरा माणिक बोरकर, शिक्षिका, असल्फा. श्रीमती घाडी यांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरे, स्वहस्ते: वयनींनी माझ्यासमोर सही केली. कलम तीन दोनदा वाचले. त्यात खोटे काही नाही. त्या दिवशी माका मागे उभो करूक व्हयो होतो.
काशीराम लक्ष्मण घाडी